मोहाची धार

एखाद्या प्रांताचा इतिहास लिहू लागले म्हणजे तेथील राजे, लढाया, सनदा व जमाबंदी यांविषयी माहिती विपुल मिळते. परंतु त्या प्रांतातील माणसे काय खात होती, काय पीत होती आणि त्या खाण्यापिण्यात बरे कोणते व वाईट कोणते हे ती कशावरून ठरवीत होती, असे विचारू गेल्यास दप्तरे बहुधा मुकी होतात. मद्याच्या बाबतीत हा अनुभव विशेषच येतो. सरकारने मद्याचा हिशेब ठेवला तो उत्पन्नाच्या सदराखाली, आणि समाजसुधारकांनी ठेवला तो अनर्थाच्या सदराखाली. हे दोन्ही हिशेब खरे आहेत. तथापि मद्य ही माणसाच्या हातची एक कृतीही आहे. तिला कसब लागते, वेळ लागतो, तिला चव असते, आणि ती चव राज्यकर्ते व कायदे बदलले म्हणजे बदलते. हा तिसरा हिशेब आपल्याकडे सहसा कोणी मांडलेला नाही. भंडारा जिल्ह्यातील मोहाच्या दारूच्या संबंधाने तो मांडून पाहावा, इतकाच ह्या लेखाचा हेतू आहे. त्यात मद्यपानाची भलावण मुळीच नाही, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नकोच.

तुलनेवाचून चवीचा विचार होत नाही, म्हणून आरंभीच एक परदेशी जोडीदार घेऊ. स्पेनमधील आरागोन प्रांतात उगम पावलेली आणि पुढे दक्षिण फ्रान्समध्ये पसरलेली ग्रेनाश नावाची काळ्या द्राक्षाची एक जात आहे. तिच्या तांबड्या वाइनवर तिकडे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. कोणत्या गावची, कोणत्या उतारावरची, किती जुन्या वेलाची, कोणत्या वर्षीची, असे भेद करून तिच्या वासाचे व चवीचे वर्णन करणे हा तेथे एक मान्य व्यासंग आहे. ह्याच्या उलट आपल्या झाडीपट्टीत त्याहून पुष्कळच जुनी वंशावळ सांगता येईल असे एक पेय आहे. आणि त्याचे सर्व वर्णन ‘दारू’ ह्या एका शब्दात आटोपते. एकीला शब्दकोश मिळाला आणि दुसरीला पोलिसांचा पंचनामा मिळाला, असे का व्हावे? वस्तूच्या अंगी काही उणे होते म्हणून, की तिच्याभोवती जे कायदे उभे राहिले त्यांमुळे?

वंशावळीपासून सुरुवात करू. मोहाला संस्कृतात मधूक म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौऱ्याऐंशी आसवांची गणना आहे; त्यांत फुलांपासून होणारी आसवे दहा सांगितली असून कमळाच्या जातींबरोबर मधूक व धातकी, म्हणजे आपली धायटी, ह्यांची नावे आलेली आहेत. त्याच गणनेत फळांच्या आसवांमध्ये द्राक्षाचे नाव अग्रभागी आहे. म्हणजे चरकाच्या यादीत द्राक्ष आणि मोह हे एकाच पंक्तीला बसलेले आहेत. एक कुलीन आणि दुसरा हीन असा भेद तेथे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे प्रकार दिलेले असून मधु म्हणजे द्राक्षाचा रस व त्याची नावे प्रदेशावरून पडलेली, असे म्हटले आहे. कापिशायन हे त्यांपैकी एक. काबूलच्या उत्तरेस असलेल्या कापिशी नगरीवरून ते पडले. मनुस्मृतीत सुरा त्रिविध सांगितली आहे, गुळाची गौडी, पिठाची पैष्टी आणि तिसरी माध्वी. ही माध्वी मोहाच्या फुलांची असा अर्थ कुल्लूकासारखा टीकाकार करतो. मनूने सुरेचा निषेधच केला आहे; परंतु निषेध करतानासुद्धा त्याने तिचे प्रकार ओळखले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कौटिल्याचे धोरण कडक होते. मद्याचा व्यवहार राजाच्या देखरेखीखाली, आणि त्याचा नियम मोडणाऱ्यास दंड, असा त्याचा खाक्या. असे असूनही कुटुंबवत्सल गृहस्थांना मंगल प्रसंगी घरी सुरा करण्याची आणि उत्सव, यात्रा व समाज ह्या वेळी चार दिवस मद्याची मोकळीक देण्याची तरतूद त्याने ठेवली. विक्रीसाठी केलेले मद्य वेगळे आणि विधीसाठी, घरासाठी केलेले मद्य वेगळे, हा विवेक त्या जुन्या राजनीतीत होता. पुढील दोन सहस्र वर्षांच्या इतिहासात हा विवेक कोठे हरवला, हे आपणांस पाहावयाचे आहे.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. आजचा भंडारा जिल्हा सात तालुक्यांचा आहे. १९९९ साली गोंदिया वेगळा होईपर्यंत तो याहून बराच मोठा होता. वैनगंगेचे खोरे, कोहळ्यांनी बांधलेली तळी, तळ्यांखाली धानाची शेते, आणि शेतांच्या कडेस व पलीकडच्या रानांत मोह, असे ह्या भूमीचे रूप आहे. मोहाडी हे तालुक्याचे नाव उच्चारले तरी ते झाड डोळ्यांपुढे येते. शेतासाठी रान तोडतानासुद्धा लोक मोह राखतात. फाल्गुन-चैत्रात पाने गळून गेलेली असता ह्या झाडास फुले येतात आणि ती रात्री उमलून पहाटेपासून जमिनीवर पडू लागतात. फूल म्हणजे पाकळ्यांचे नाजूक फूल नव्हे. पिवळसर पांढरे, मांसल, रसाने भरलेले असे ते लहानसे बोंडच असते. झाडाखालची जागा झाडून ठेवायची, उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन जायचे आणि ऊन चढण्याच्या आत वेचणी उरकायची, हे काम मुख्यतः बायका व मुले करतात. फुले अंगणात पसरून वाळविली म्हणजे ती तांबूस तपकिरी होतात व मनुकांसारखी दिसू लागतात. मनुकांशी साम्य केवळ रूपाचे नाही. वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते.

एवढी साखर ज्यात आहे ते प्रथम अन्न आहे, हे विसरता कामा नये. मोहफुले भाजून, शिजवून, धान्याच्या पिठात मिसळून खातात. त्यांचे लाडू होतात, भाकरी होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांत मध्य प्रांतातील रानावनच्या हजारो कुटुंबांना ह्या फुलांनी जगविले. बियांचे तेल दिव्याला व स्वयंपाकाला, पेंड शेताला, आणि फूल पोटाला, असा ह्या झाडाचा संसार आहे. दारू हा त्याचा एक उपयोग, एकमेव नव्हे. पुढील कायद्यांचा अन्याय कोठे झाला हे समजण्यास एवढे पुरे.

दारूची कृती अशी. वाळलेली फुले पाण्यात भिजत घालतात. त्यांच्या अंगच्या किण्वाने ती आंबू लागतात. ह्या आंबवणास सडवा म्हणतात. उन्हाळ्यात चारपाच दिवस, थंडीत आठवडाभर किंवा अधिकही लागतो; बुडबुडे थांबले आणि गोडी जाऊन वास पालटला म्हणजे सडवा तयार झाला. मग तो मोठ्या मडक्यात घालून चुलीवर चढवितात. वर दुसरे भांडे बसवून सांधे मातीने लिंपतात, आणि वाफ बांबूच्या नळीने थंड पाण्यात ठेवलेल्या घड्यात उतरवितात. दुसऱ्या एका रीतीत सर्वांत वर थंड पाण्याचे भांडे असते, त्याच्या बुडाला लागून वाफेचे थेंब होतात व आतल्या भांड्यात पडतात. वरचे पाणी तापले की बदलावयाचे, आणि ते कितीदा बदलले ह्यावरून दारू कडक की सौम्य हे सांगावयाचे.

ह्या कृतीत कसब कोठे आहे? ते दोन ठिकाणी आहे: सडव्याची वेळ ओळखण्यात आणि विस्तव मंद ठेवण्यात. आच मंद असली म्हणजे वाफेचे निरनिराळे अंश एकामागून एक, आपापल्या पाळीने येतात. अगदी आरंभी हलके, नाकात चढणारे द्रव्य येते. मग फुलाचा वास घेऊन उतरणारी स्वच्छ, कडक धार लागते. आणि शेवटी पाणचट, तेलकट, डोके धरावयास लावणारा गाळ येतो. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग मराठीत सर्वतोमुखी झाला आहे तो ह्या पाळीवरून. धार कोठे धरावी आणि कोठे सोडावी हे ज्याला नाकाने कळते तो कसबी. आच मोठी केली की सर्व अंश एकत्र ढकलले जातात, सडवा तळाला करपतो, आणि मग जे हाती येते त्यास धुराचा व जळकट असा एकच वास राहतो.

नीट गाळलेल्या मोहाच्या दारूची चव कशी असे, ह्याविषयी बाहेरच्या माणसाची एक साक्ष उपलब्ध आहे. कॅप्टन फॉर्सिथ हा मध्य प्रांताच्या जंगलखात्यात काम केलेला अधिकारी. त्याचा सातपुड्याच्या प्रदेशावरील ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला. त्यात, चांगली गाळलेली व काही काळ मुरलेली मोहाची दारू मुळीच तिरस्करणीय नसून थोडीबहुत आयरिश व्हिस्कीसारखी लागते, असा अभिप्राय त्याने दिला आहे. दुसरे कित्येक युरोपियन लेखक मात्र मोहाच्या वासाची तुलना उंदरांच्या वासाशी करतात व नाक मुरडतात. ह्या दोन मतांत विरोध दिसतो. परंतु फॉर्सिथने घातलेल्या दोन अटी, नीट गाळणे आणि मुरू देणे, लक्षात घेतल्या म्हणजे तो पुष्कळसा नाहीसा होतो. ताज्या दारूत फुलाचा उग्र, ओशट असा वास वर असतो. काळाने तो खाली बसतो आणि मागे गोडसर, सुक्या फळासारखी रुची राहते. म्हणजे ह्या पेयाला दोन गोष्टींची गरज होती, सावकाशीची आणि साठवणुकीची. पुढील शंभर वर्षांच्या कायद्यांनी नेमक्या ह्या दोन गोष्टी अशक्य केल्या.

भोसल्यांच्या अमलात दारू गाळणारे व विकणारे कलार होते आणि त्यांच्याकडून घेतला जाणारा कर कलाली ह्या नावाने ओळखला जाई. १८५३ साली तिसरे रघोजी निपुत्रिक वारल्यावर नागपूरचे राज्य डलहौसीने खालसा केले; १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि भंडारा त्याचा एक जिल्हा बनला. कलारांचे वर्णन रसेल व रायबहादूर हिरालाल ह्यांच्या १९१६ सालच्या चार खंडांच्या ग्रंथात विस्ताराने आले आहे. ह्या लोकांचे गुणगान करण्याचे कारण नाही. उधारीवर दारू पाजून गोंडांच्या जमिनी कर्जात ओढल्या गेल्याची उदाहरणे त्या काळच्या लिखाणात जागोजाग आढळतात. तथापि पिढीजात धंदा असल्यामुळे कृतीचे ज्ञान कलाराकडे होते, आणि ज्यांच्यात राहावयाचे त्यांच्याच पसंतीवर त्याची विक्री अवलंबून होती, हेही तितकेच खरे.

इंग्रजी अमलात अबकारीच्या दोन पद्धती चालू झाल्या. पहिली भट्टीच्या मक्त्याची. ठराविक टापूत भट्टी लावून दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क लिलावाने द्यावयाचा. मक्तेदाराने सरकारात एकरकमी पैसा भरावयाचा, आणि मग किती गाळावी व कशी गाळावी ह्याला मर्यादा नाही. ह्या व्यवस्थेत मक्तेदाराचे हित कशात आहे, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको. रक्कम ठरलेली आणि मुदत ठरलेली. तेव्हा त्या मुदतीत जितके अधिक गाळावे तितका नफा अधिक. म्हणून सडवा अर्धवट असतानाच चढवावयाचा, आच मोठी ठेवावयाची, पहिली धार व शेवटचा गाळ एकत्र करावयाचा, आणि आज गाळलेली आजच विकावयाची. दारू मुरत ठेवणे म्हणजे मक्त्याचा पैसा कुजत ठेवणे. ह्या पद्धतीने दारू स्वस्त झाली, गावोगाव पोहोचली आणि पिणारे वाढले, ह्याबद्दल हिंदुस्थानात व इंग्लंडात इतका गवगवा झाला की १८८९ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या हाउस ऑफ कॉमन्सने हिंदुस्थान सरकारच्या अबकारी धोरणाचा निषेध करणारा ठराव संमत केला. दारू वाढली हे सर्वांनी पाहिले. ती वाढता वाढता बिघडलीही, हे मात्र कोणी नमूद केले नाही.

दुसरी पद्धत मध्यवर्ती भट्टीची. शहरात सरकारी आवारात दारू गाळावयाची, आणि ती बाहेर पडताना तिच्या तीव्रतेच्या मानाने कर घ्यावयाचा. १९०५-०६ सालच्या अबकारी समितीने मक्त्याची पद्धत मागे सारून मोठ्या भट्ट्यांतून ठेक्याने पुरवठा करण्याकडे कल दिला, आणि १९१५ साली मध्य प्रांताचा अबकारी कायदा झाला. ह्या व्यवस्थेत कारभार पुष्कळ सुधारला, हे मान्य केले पाहिजे. परंतु तीव्रता मोजण्याचे साधन म्हणजे साइक्स नावाच्या इंग्रजाचे पितळी द्रवमापक. ते दारूत सोडले की ती ‘लंडन प्रूफ’च्या किती अंश खाली आहे हे सांगते, त्यापलीकडे त्यास काही कळत नाही. लंडन प्रूफ म्हणजे शेकडा सुमारे ५७ भाग मद्यार्क. मोह असो, गूळ असो की मळी असो, अंश सारखा तर कर सारखा. आजही महाराष्ट्रात देशी दारूच्या बाटलीवर २५ अंश अंडर प्रूफ, म्हणजे शेकडा ४२.८, हा आकडा छापलेला असतो तो ह्याच परंपरेतला. कागदोपत्री ज्या गुणाला स्थान नाही तो गुण राखण्यात कोणाचाच फायदा उरत नाही. येणेप्रमाणे मक्त्याने जी चव घाईत गमावली ती द्रवमापकाने निरर्थक ठरविली.

मुंबई इलाख्यात सरकार आणखी एक पाऊल पुढे गेले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत चोरून दारू गाळली जाते म्हणून १८९२ साली खास मोहाच्या फुलांवरच नियंत्रण घालणारा कायदा करण्यात आला. जे अन्न म्हणून दुष्काळात उपयोगी पडते ते फूल जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरू लागला. भंडाऱ्याला ह्या कायद्याचा संबंध त्या वेळी नव्हता. पुढे कसा आला ते लवकरच दिसेल.

ह्याच काळात फ्रान्समध्ये काय चालले होते? १८६० नंतर फिलॉक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले होते. द्राक्षाची टंचाई इतकी झाली की मद्यार्कासाठी हिंदुस्थानातून मोहाची वाळलेली फुले तिकडे जाऊ लागली. चरकाच्या पंक्तीतील दोन शेजारी असे अवचित पुन्हा भेटले. पुढे अमेरिकन मुळांवर कलमे करून मळे सावरले, आणि दक्षिणेच्या उष्ण, कोरड्या, वाऱ्याच्या प्रदेशात ग्रेनाशची लागवड फार वाढली.

ग्रेनाशचे गुणदोष पाहिले तर मोहाशी तिचे साम्य थक्क करणारे आहे. हे द्राक्ष उशिरा पिकते, उन्हाला व पाण्याच्या ताणाला दाद देत नाही, आणि त्यात साखर फार भरते. त्यामुळे वाइनमध्ये शेकडा १४-१५ भाग मद्यार्क सहज चढतो. साल पातळ असल्याने रंग फिका आणि तुरटपणा कमी. हवा लागली की ती लवकर उतरते, विटकरी होते. भरमसाट पीक घेतले तर पाणचट, गोडसर, नुसती चढणारी वाइन मिळते; आणि दीर्घ काळ स्पेनमध्ये व दक्षिण फ्रान्समध्ये ग्रेनाशचा उपयोग मुख्यतः तसाच, दुसऱ्या वाइनला जोर आणण्यासाठी व स्वस्त मालासाठी होत असे. उलट जुन्या, ठेंगण्या वेलावर थोडे पीक घेतले, सालीसह रस हलक्या हाताने आंबविला आणि हवेपासून जपला, तर तिच्यात पिकल्या स्ट्रॉबेरीचा वास, पांढऱ्या मिऱ्याची झाक, रानातील सुक्या वनस्पतींचा दरवळ आणि जिभेवर ऊबदार गोलाई उतरते. साखर विपुल म्हणून करणे सोपे. सोपे म्हणून स्वस्त. आणि स्वस्त म्हणून तुच्छ: मोह आणि ग्रेनाश ह्या दोघांची पत्रिका येथपर्यंत एकच आहे.

ती येथून पुढे वेगळी झाली, आणि तिला वेगळे करणारी गोष्ट कायदा ही आहे. अविन्योनजवळ शातोनफ-द्यु-पाप नावाचे गाव आहे. चौदाव्या शतकात तेथे पोपचे उन्हाळी वास्तव्य असे, म्हणून हे नाव. तेथील वाइनमध्ये ग्रेनाशचा भाग मोठा. गावाच्या नावावर भेसळीचा माल खपू लागला तेव्हा १९२३ च्या सुमारास बॅरन ल र्‌वा ह्या मळेवाल्याच्या पुढाकाराने तेथील शेतकऱ्यांनी स्वतःसाठी नियम केले. ज्या जमिनीवर थाइम व लॅव्हेंडर उगवते अशाच कोरड्या जमिनीत वेल लावावा. जाती ठराविकच असाव्यात. वेचणीत वाईट घड वगळावेत. मद्यार्क शेकडा साडेबारापेक्षा कमी नसावा. १९३६ साली फ्रेंच सरकारने प्रदेशनामाचा कायदेशीर हक्क ज्या पहिल्या काही वाइनांना दिला त्यांत ही एक होती. येथेही सरकार होते, कर होता, तपासनीस होते. भेद इतकाच की त्या कायद्याने माती, झुडपे, वेल आणि हात ह्यांची नोंद घेतली. आपल्या कायद्याने अंश आणि रक्कम ह्यांची घेतली. पुढे १९८० नंतर स्पेनमधील प्रियोरातच्या उजाड डोंगरांवर जुने ग्रेनाशचे वेल पुन्हा मोलाचे ठरले, ते ह्याच दृष्टीच्या बळावर.

आता दुसऱ्या बाजूचा विचार केला पाहिजे. तो न केल्यास हा लेख एकांगी होईल. दारूने गरिबांचे संसार बुडाले, बायकामुलांनी मार खाल्ला, जमिनी गेल्या. दारूबंदीची चळवळ ह्या दुःखातून उठली. १९२१ च्या असहकारात दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग झाले त्यात अबकारीच्या पैशावर चालणाऱ्या परकीय सरकारचा निषेध होता, तसाच घराघरांतील आक्रोशही होता. १९३७ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली. १९३८ साली मध्य प्रांत व वऱ्हाडचा दारूबंदी कायदा झाला. मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आल्यानंतर तो १९५९ मध्ये विदर्भासही लागू झाला. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ साली लोकांच्या चळवळीनंतर दारूबंदी आली. चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. ह्या चळवळींत बायका पुढे होत्या, आणि त्यांच्या अनुभवापुढे चवीच्या गोष्टी करणे हा उद्धटपणा होईल.

प्रश्न वेगळाच आहे. १९४९ च्या कायद्याने मोहाच्या फुलाची स्वतंत्र दखल घेतली. ठाणे-कुलाब्याचा जुना संशय अशा रीतीने झाडीपट्टीतही पोहोचला, आणि मर्यादेबाहेर फुले साठविणे, विकणे, वाहून नेणे ह्यांस परवाना लागू लागला. ह्यामुळे दारू थांबली काय? ती रानात गेली. जी भट्टी अंगणात लागत होती ती नाल्यात लागू लागली. लपून काम करणाऱ्यास मंद आच परवडत नाही, मुरविणे तर दूरच. सडवा लवकर यावा म्हणून त्यात काळा गूळ व नवसागर पडू लागला. फूल नावापुरते उरले. परवान्याची म्हणून जी देशी दारू पुढे दुकानांत आली ती उसाच्या मळीच्या मद्यार्काची. मोहाचा तिच्याशी संबंध नाही. मक्तेदाराच्या भट्टीत चवीची हेळसांड झाली होती. चोरट्या भट्टीत चव हा विषयच उरला नाही. आणि ज्या पेयाला चव उरत नाही त्याच्याकडे माणूस फक्त नशेसाठी वळतो, हा ह्या सर्व इतिहासाचा सर्वांत दुःखद भाग आहे.

कारण मूळ समाजात हे पेय केवळ नशेसाठी नव्हते. गोंडांमध्ये जन्म, लग्न, मृत्यू आणि देवकार्य ह्यांत मोहाची दारू लागते. पिण्यापूर्वी तिचे काही थेंब जमिनीवर देवांना व पितरांना वाहिले जातात. वाहण्याची वस्तू शुद्ध असली पाहिजे, हा दंडक त्यात आपोआप येतो. मध्य भारतात एक कथाही सर्वत्र सांगतात: पहिली दारू झाली तेव्हा तिच्यात पोपट, वाघ आणि डुक्कर ह्यांचे अंश उतरले, म्हणून माणूस थोडी प्याला की पोपटासारखा बोलतो, अधिक प्याला की वाघासारखा गुरगुरतो, आणि त्याहून अधिक प्याला की डुकरासारखा चिखलात लोळतो. ज्या समाजाने ही गोष्ट रचली त्यास मद्याचे भय ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? संयमाची ती शिकवण त्यांच्या रीतिरिवाजात गुंफलेली होती. विक्रीची दारू आणि विधीची दारू ह्यांतला कौटिल्याचा विवेक रानात शिल्लक होता. दप्तरात तो राहिला नव्हता.

अलीकडे काही बदल झाले आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर रानातील लोकांचा हक्क मान्य केला. मोहफूल त्यात येते. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने फुलांच्या वेचणीवरील, साठवणीवरील व वाहतुकीवरील निर्बंध दूर केले. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये आदिवासींच्या मोहाच्या दारूस वारसा-मद्य म्हणून मान्यता देणारे धोरण आखले. गोव्याच्या फेणीला २००९ सालीच भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु ह्याच महाराष्ट्राने द्राक्षाच्या वाइनला उत्तेजन देणारे धोरण २००१ साली जाहीर केले होते, आणि नाशिकच्या मळ्यांत आज परदेशी जातींच्या द्राक्षांची वाइन होते, तिच्या वासाचे व चवीचे वर्णन इंग्रजी वर्तमानपत्रांतून येते. मद्य म्हणून दोन्ही सारखीच हितकर किंवा अहितकर आहेत. द्राक्षाला उत्तेजन मिळाल्यानंतर मोहाच्या फुलाला निव्वळ मोकळे होण्यास आणखी वीस वर्षे थांबावे लागले, ह्यास आरोग्याचे किंवा नीतीचे कोणतेही कारण देता येत नाही. एक पेय सुशिक्षितांच्या मेजावरचे आणि दुसरे रानातले, एवढेच ते कारण आहे.

मोहाच्या दारूची दुकाने गावोगाव निघावीत, असा ह्या विवेचनाचा निष्कर्ष नाही; तसे झाल्यास मक्तेदार नव्या नावाने परत येईल आणि जुनाच इतिहास पुन्हा घडेल. निष्कर्ष एवढाच की आपण सुशिक्षित मंडळींनी ‘हातभट्टीची घाण’ म्हणून ज्या वस्तूकडे नाक मुरडले, तिची घाण मुळात फुलात नव्हती. ती पुष्कळशी लिलावाने, द्रवमापकाने आणि लपाछपीने तिच्यात उतरली. पिणे न पिणे हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. परंतु पहाटे टोपली घेऊन मोहाखाली वाकणारी बाई ही गुन्ह्याचा कच्चा माल गोळा करीत नसून आपले अन्न, आपला देव्हारा आणि एक फार जुने कसब सांभाळीत आहे, एवढे ओळखणे हे आपणा सर्वांचे काम आहे. आणि भंडाऱ्याच्या कलाली-अबकारीचा इतिहास ज्या कोणास पुढे लिहावयाचा असेल, त्याने सरकारी उत्पन्नाच्या आकड्यांशेजारी ह्या चवीसाठीही एक रकाना मोकळा ठेवावा.